स्पेन रोडट्रिप अपडेट: अल्हाम्ब्राची तिकिटं हातात, आता गाडीचं गणित

मंडळी, मिळाली! ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या किल्लेवजा राजवाड्यातल्या, तिथल्या शेवटच्या मुस्लिम राजघराण्याच्या म्हणजे नास्रिद महालांचा सकाळी साडेनऊचा स्लॉट, मेमधला शुक्रवार, चारही तिकिटं एकत्र. अधिकृत साइटवरूनच काढली, दलालांच्या ‘गाइडेड टूर’ पॅकेजवर दुप्पट पैसे न घालता. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना कळेल मी पेढे का वाटले ते. ज्यांनी नाही खेळला त्यांच्यासाठी एवढंच: अल्हाम्ब्राच्या बागा, हेनेरालिफे, आल्कासाबा किल्ला हे दिवसभरात केव्हाही बघता येतं, पण नास्रिद महालांना ठरलेल्या अर्ध्या तासातच आत शिरावं लागतं. तो अर्धा तास हुकला की महाल हुकले. तिकिटावर नाव असतं आणि पासपोर्ट बघतात. त्यामुळे ‘एक जास्तीचं तिकीट आहे, कोणाला हवंय?’ हा आपला नेहमीचा मार्ग इथे बंद.

नावावरून एक सूचना. स्पॅनिश फॉर्ममध्ये दोन आडनावांचे रकाने असतात आणि आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये जे छापलंय ते सगळं नावाच्या रकान्यात, आडनाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात, दुसरा रिकामा. तो सक्तीचा असेल तर आडनावच पुन्हा लिहायचं. सासूबाईंच्या पासपोर्टवरचं माहेरचं-सासरचं प्रकरण मी इथे लिहीत नाही, त्याला वेगळा धागा लागेल.

तर आता शुक्रवार ही खुंटी पक्की झाली आणि बाकी सगळं तिच्यावर टांगायचंय. आणि टांगायला गेल्यावर लक्षात आलं की मागच्या अपडेटमधला ‘माद्रिद ते माद्रिद गोल’ आता टिकत नाही. विमानतळावर गाडी घ्यायची, तोलेदो, कोन्सुएग्राच्या पवनचक्क्या, कोर्दोबा, ग्रानादा, रोंदा, सेव्हिया आणि परत, असा तो गोल. नकाशावर फार देखणा दिसतो. पण रात्रीच्या हिशोबाला बसले तेव्हा गोम कळली. या यादीतलं प्रत्येक मोठं शहर गाडीला बाहेर ठेवायला बघतं आणि प्रत्येक लहान गाव गाडीशिवाय जवळपास अशक्य आहे. म्हणजे निम्मे दिवस गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये झोपून राहणार आणि तिचं भाडं आणि पार्किंगचं भाडं दोन्ही आपण भरणार.

शहरात शिरणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा विषय नीट सांगते, कारण मागच्या वेळी तिघांनी त्यावरच विचारलं होतं. २०२१च्या हवामान कायद्याने ५० हजारांवर वस्तीच्या शहरांना कमी-उत्सर्जन क्षेत्रं आखायला लावलीत. भाड्याच्या गाड्या नव्या असतात, त्यांना पर्यावरणाचं लेबल मिळालेलं असतं, त्यामुळे तिथे आपण सहसा सुटतो. लेबल नसलेल्या गाडीला दंड २०० युरो. खरा घोळ वेगळाच. जुन्या शहरांच्या गाभ्यात फक्त रहिवासी, टॅक्सी आणि हॉटेलात उतरलेले पाहुणे यांनाच गाडी नेता येते. कोर्दोबात या पट्ट्यांना आसिरे म्हणतात, ग्रानादात आल्बाइसिन या अल्हाम्ब्रासमोरच्या जुन्या वस्तीच्या तोंडावर कॅमेरे आहेत. हॉटेलवाल्याने तुमचा नंबर कळवला तर चालतं. पण गाडीचा नंबर काउंटरवर चावी मिळेपर्यंत आपल्याला माहीत नसतो! मग स्टेशनवरून हॉटेलला फोन, त्यांनी तो नंबर टाकणं, आणि आपण डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर, उजव्या बाजूने, मोबाइलवर बघत शिरणं. दंड आला तर एजन्सी तुमचं नाव कळवते आणि ‘हाताळणी शुल्क’ वर लावते. मला भोर-महाडच्या घाटात समोरून एसटी आली तरी घाम फुटत नाही. हे वाचून फुटला.

बरेच पर्याय मांडून झाले. पहिला: माद्रिदहून गाडी घेऊन सेव्हियात सोडायची. ऑटोमॅटिक गाडीच्या कोटेशनमध्ये ड्रॉप-फीचा, म्हणजे गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याच्या शुल्काचा, आकडा बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटला. दुसरा: सगळं रेल्वेने आणि फक्त ग्रानादा ते सेव्हिया गाडी. हा खर्चात उत्तम. माद्रिद-कोर्दोबा हायस्पीड गाडी पावणेदोन तासांची, कोर्दोबा-ग्रानादा मार्गही २०१९पासून हायस्पीडला जोडलेला. पण यात कोर्दोबा आणि ग्रानादाच्या मधला प्रदेश खिडकीतून निघून जातो, आणि मी तर त्याच्यासाठी चाललेय.

कारण त्या मधल्या पट्ट्यात खलिफांच्या कोर्दोबापासून नास्रिदांच्या ग्रानादापर्यंतचा जुना मार्ग आहे. एस्पेहो, कास्त्रो देल रिओ, बाएना, सुएरोस, लुके, प्रिएगो, आल्काला ला रेआल. ऑलिव्हच्या रांगांच्या समुद्रात मध्येच एक टेकडी, टेकडीवर किल्ला, किल्ल्याखाली पांढरी घरं, की पुन्हा ऑलिव्ह. आल्काला ला रेआलचा ला मोता किल्ला म्हणजे दीड-दोनशे वर्षं ख्रिश्चन कास्तिल आणि मुस्लिम ग्रानादा या राज्यांमधली सीमेवरची चौकी. आपल्याकडे डोंगरी किल्ला बघताना ‘हा कोणत्या घाटावर लक्ष ठेवायचा’ हा पहिला प्रश्न असतो ना, तोच प्रश्न इथे विचारला की प्रत्येक बुरूज बोलायला लागतो. आर्कोस, वेहेर, हेरेस या सगळ्यांच्या नावामागे ‘दे ला फ्रोन्तेरा’ (सरहद्दीवरचं) लागतं ते त्याच सरहद्दीमुळे. २ जानेवारी १४९२ला ग्रानादा पडलं आणि सरहद्द संपली, शेपूट राहिलं. हा भाग ट्रेनने ओलांडायचा असेल तर मग मी घरी बसून पुस्तकं वाचेन.

तिसरा पर्याय, आणि इथे गाडं मार्गी लागलं: गाडी कोर्दोबात घ्यायची, पण कोर्दोबा बघून झाल्यावर, निघायच्या दिवशी सकाळी. काउंटर रेल्वे स्टेशनवर, जुन्या शहराच्या बाहेर. सोडायची सेव्हियात. दोन्ही ठिकाणं आंदालुसिया या दक्षिणेच्या प्रांतातच, त्यामुळे ड्रॉप-फी मला आलेल्या बहुतेक कोटेशनमध्ये किरकोळ आणि एकात शून्य. सावधान: शहरातली काउंटरं दुपारी बंद असू शकतात आणि रविवारी तर बघायलाच नको. विमानतळाची सवय असलेल्यांनी वेळा आधी तपासा. ऑटोमॅटिकही लहान शाखांमध्ये मोजक्या असतात, म्हणून ती आधी बुक केली आणि हॉटेलं मागून. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, डेबिट बहुतेक ठिकाणी चालत नाही. शून्य एक्सेसचा विमा (नुकसान झालं तर आपल्या खिशातून काही नाही) काउंटरवर गळ्यात मारतात त्यापेक्षा आधी घेतलेला स्वस्त पडतो, पण मग अनामत रक्कम कार्डावर मोठी अडकते. मी काउंटरवालाच घेणार. सुट्टीत ओरखडे मोजत फिरायचं नाहीये.

उरला प्रश्न ग्रानादाचा. गाडी बरोबर आणि दोन रात्री मुक्काम. इथे मी अडकून पडले होते. सांता फेला राहायचा विचारही झाला. कॅथलिक राजा-राणीने वेढ्याच्या वेळी वसवलेलं, चौकटीत आखलेलं गाव. कोलंबसाशी करार झाला तो इथलाच, एप्रिल १४९२. इतिहास झकास, पण रोज ये-जा नको.

उत्तर स्ट्रीट व्ह्यूवर मिळालं. अल्हाम्ब्राचं वाहनतळ डोंगराच्या मागच्या बाजूला आहे आणि तिथे शहरात न शिरता, दक्षिणेच्या वळणरस्त्यावरून, ए-३९५ने थेट जाता येतं. मग राहायचंही वरच, त्याच बाजूला! गाडी गुरुवारी संध्याकाळी वर लावायची ती शनिवारी सकाळीच हलवायची. कॅमेरे खाली राहिले. सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्नही सुटला, कारण शुक्रवारी सकाळी चढ नाही, हॉटेलातून चालत फाटकाशी. आल्बाइसिनला संध्याकाळी लाल मिनीबस. सान निकोलासच्या चौकातून समोर अल्हाम्ब्रा बघायचं ते त्या बसनेच. मी प्रत्येक वळण स्ट्रीट व्ह्यूवर तीनदा चालवून पाहिलंय. चिरंजीव म्हणतात, आई, तू जाऊन आलीस, आता आम्ही जातो.

कागदी नकाशाचंही सांगून टाकते. मिशलिन कंपनीचा ५७८ क्रमांकाचा, आंदालुसियाचा. ज्या रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ ते देखणे, एवढं कळलं तरी पैसे वसूल. फोनवरचा नकाशा सगळ्यात जवळची वाट दाखवतो, आणि डोंगरी गावात सगळ्यात जवळची वाट म्हणजे पायऱ्या सुरू व्हायच्या आधीची शेवटची गल्ली.

शनिवारी ग्रानादा ते रोंदा, ए-९२ने. मध्ये आन्तेकेरा. तिथले डोल्मेन, म्हणजे प्रचंड शिळांची प्राचीन दफनदालनं, २०१६मध्ये जागतिक वारसा यादीत आले. मेंगा नावाच्या दगडी दालनाचं तोंड बहुतेक डोल्मेनसारखं सूर्योदयाकडे नाही, समोरच्या एका डोंगराकडे आहे, आणि तो डोंगर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. हे वाचल्यापासून जेवणाची जागा पक्की.

इथपर्यंत लिहिलं आणि कॅलेंडर बघितलं. सेतेनिल रविवारी येतंय! कड्याखाली घरं असलेलं ते गाव, रील्समध्ये रिकामं दिसतं ते. रविवारी दुपारी सेव्हिया, मालागा, काडिझ सगळे तिथे कड्याखालच्या टेबलांवर असणार आणि गल्ल्यांची रुंदी तुम्ही पाहिलीच आहे. म्हणून आत्ताच बदललं. रविवार रोंदात पायी. १७९३मध्ये पूर्ण झालेला, सुमारे ९८ मीटर उंचीचा नवा पूल, खाली दरीत उतरून बघायचा. गाडी नव्या भागात उभी. सोमवारी पांढरी गावं. सोमवारी कित्येक संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे शहरात तो दिवस नाहीतरी वाया जातो. डोंगराला सोमवार-रविवार नसतो. हे आधी सुचलं असतं तर तोलेदोतलं चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय सोमवारी येऊ नये म्हणून दोन वेळा आराखडा हलवावा लागला नसता. आता तोलेदो रविवारी, माद्रिदहून अर्ध्या तासाच्या ट्रेनने. तोलेदोची ती लाइन पुढे दक्षिणेला जात नाही, परत माद्रिदच्या आतोचा स्टेशनला यावंच लागतं, हे ध्यानात ठेवा. वर चढायला सरकते जिने आहेत. कोन्सुएग्राच्या पवनचक्क्या मात्र यादीतून कापल्या गेल्या, आणि त्यावरून घरात अजून शांतता नाही.

सोमवारचा रस्ता: रोंदा, सेतेनिल, ओल्वेरा, साआरा, मग सीए-९१०४ने कबुतरांच्या खिंडीतून ग्रासालेमा. ज्याच्यासाठी मी गाडी चालवायला शिकले असं वाटतं असा हा तुकडा आहे. खाली साआराचं निळं धरण, वर चुनखडीचे कडे. ग्रासालेमात स्पेनमधला सर्वांत जास्त पडणाऱ्या पावसांपैकी एक पडतो, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरवाल्यांनी हसू नये. त्या पावसावरच पिन्सापो नावाचं फर जातीचं सूचिपर्णी झाड तिथे टिकून आहे.

कोर्दोबाबद्दल थोडक्यात, कारण तिथे काही अडलेलं नाही. २०२७चा ईस्टर २८ मार्चला, त्यामुळे सेमाना सान्ताची (ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची) गर्दी आधीच सरलेली. मेच्या पहिल्या पंधरवड्यात अंगणांचा उत्सव, तो आम्ही मधल्या वारी गाठतोय. मेस्किता, म्हणजे कोर्दोबाची जुनी मशीद, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट. पैशांपेक्षा शांततेसाठी जायचं. ८५० हून जास्त खांब आणि मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं कॅथेड्रल. ते बघून राग येईल की कौतुक वाटेल, यावर नवऱ्याची आणि माझी पैज लागलीय.

सासूबाई शाकाहारी आहेत. कोर्दोबाचं साल्मोरेखो हे टोमॅटोचं दाट सार थंडगार आणि सुंदर, पण वर अंडं आणि हॅमचे तुकडे पेरून येतं. ‘सिन हामोन, सिन हुएवो’ (हॅम नको, अंडं नको) पाठ करून घेतलंय. मधातली वांग्याची भजी आणि सेव्हियाचा पालक-चणे यांच्यावर आमची भिस्त. मेतकूट बॅगेत आहेच. जेवणाची वेळ साडेआठनंतर हे त्यांना मान्य नाही, वाटाघाटी सुरू आहेत.

बाकी, गाडी चालवण्याचे नियम: गोल चौकात आतली गाडी पहिली, आणि बाहेर पडायचं तर बाहेरच्या लेनमधूनच, आतून कापून नाही. वेगमर्यादा ताशी किलोमीटरमध्ये: गावात प्रत्येक दिशेला एकच लेन असलेले रस्ते ३०, साधा दुपदरी राज्यरस्ता ९०, महामार्ग १२०. गाडी बंद पडली तर त्रिकोणाऐवजी आता व्ही-१६चा लुकलुकणारा दिवा लागतो, १ जानेवारी २०२६पासून, गाडी घेताना डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे का बघायचं. आयडीपीसाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यासाठी, फॉर्म ४ए भरलाय. एका वर्षाची मुदत असते, त्यामुळे फार लवकर काढून ठेवू नका. व्हिसाला ३० हजार युरोंचा विमा आणि रद्द करता येणारी बुकिंग्ज जोडली. गोल बदलल्यामुळे कव्हर लेटर नव्याने लिहिलं, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

आता मदत हवीय. सोमवारची रात्र ग्रासालेमात की आर्कोसच्या पारादोरमध्ये? सरकारी हॉटेलांची ही साखळी १९२८पासूनची, आर्कोसचं तर कड्याच्या टोकावर. नवऱ्याचं मत आर्कोस. पण तिथे वर गाडी नेताना आरसे मिटून घ्यावे लागतात असं ऐकलंय आणि सासूबाईंच्या बॅगा खालून वर नेणार कोण? ग्रासालेमात राहिलो तर मंगळवारी आर्कोसला दोन तास थांबून सेव्हिया, गाडी विमानतळावर जमा आणि तिथून टॅक्सी. ज्यांनी मध्यम आकाराची ऑटोमॅटिक आर्कोसच्या वरच्या चौकापर्यंत नेलीय त्यांनी गाडीचं मॉडेल आणि वेळ लिहा. गुरुवारपर्यंत फुकट रद्द करता येतं, दोन्ही खोल्या धरून ठेवल्यात.