रेशनकार्डात नाव आहे का ते आजच बघा

वहिनीच्या हृदयाची झडप बदलावी लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दादाने पहिला प्रश्न खर्चाचा विचारला, आणि आकडा ऐकून तो तिथंच बाकड्यावर बसला. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, बार्शी तालुक्यात गाव, तीन एकर कोरडवाहू आणि एक म्हैस. वहिनीला लहानपणी सांधे दुखून ताप यायचा म्हणे, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही आणि त्या तापानेच झडप खराब झाली. आता वय 29, चार पायऱ्या चढली की धाप लागते आणि रात्री उशाला दोन उशा घेऊन बसून झोपते. मी सोलापुरात राहते म्हणून सगळी धावपळ माझ्याकडं आली, आणि त्या दीड महिन्यात जे कळलं ते इथं लिहून ठेवतेय, कारण आमच्यासारखी घरं खूप आहेत आणि बरीच माहिती आम्हाला वेळ गेल्यावर कळली.

अशा मोठ्या उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचा सोलापूर होता, 2013 मध्ये सगळ्या राज्यात आली आणि 2017 मध्ये नाव बदललं, तरी आमच्याकडं जुनी माणसं अजून जीवनदायीच म्हणतात. केंद्राची आयुष्मान भारत 2018 ला आली, ती आणि ही आपल्याकडं एकत्रच चालवतात. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते आणि आमच्याकडं पिवळं किंवा केशरी कार्डच लागायचं, पण 1 जुलै 2024 पासून मर्यादा पाच लाख झाली आणि पांढरं कार्डवालेसुद्धा आत आले. हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही, आमच्या शेजारचे मास्तर "आपलं पांढरं कार्ड, आपल्याला कोण देतंय" म्हणत स्वतःच्या ऑपरेशनचे पैसे भरून बसले.

लोक मला विचारतात की अर्ज कुठं मिळतो. असा अर्ज भरून महिनाभर वाट बघायची भानगड यात नाही, हप्ता भरायचा नाही, आधीपासून आजार आहे म्हणून कुणी नाकारत नाही. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं, तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याला रेशनकार्ड आणि आधार किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र दाखवायचं, तो ऑनलाईन नोंद करतो, मग हॉस्पिटल रिपोर्ट टाकून मंजुरी मागवतं आणि मंजुरी आली की ऑपरेशन. आयुष्मान कार्ड आधीच काढलेलं असेल तर काम झटपट होतं, ते गावातल्या आशाताईकडं, आपले सरकार केंद्रात किंवा मोबाईलवर आयुष्मान अ‍ॅपमधून निघतं. ऐकायला किती सोपं. आमचं घोडं अडलं ते रेशनकार्डावर.

पण त्याच्याही आधी एक दिवस वाया गेला. ज्या हॉस्पिटलात पहिल्यांदा गेलो तिथं गेटवर योजनेचा मोठा बोर्ड होता, आम्ही खुशीत आत गेलो, काउंटरवर 50 हजार डिपॉझिट मागितलं आणि योजनेचं विचारलं तर "ते नंतर बघू" असं उत्तर. आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी. तासाभराने एका वॉर्डबॉयने हळूच सांगितलं की इथं योजना हाडांच्या ऑपरेशनला आहे, हृदयाला नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्याने भागत नाही, तुमच्या आजारासाठी ते योजनेत आहे का हे विचारायला लागतं. 155388 हा टोल फ्री नंबर आहे, किंवा 18002332200, घरूनच फोन करून विचारा म्हणजे पेशंटला घेऊन दारोदार फिरायची पाळी येत नाही.

दुसऱ्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून एक मुलगी बसली होती, पंचविशीची असेल. दादाने पिशवीतून रेशनकार्ड काढलं. केशरी कार्ड, घड्यांवर सेलोटेप लावलेला, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग, आतल्या पानावर निळ्या शाईत नावं, पहिलं आत्याचं, मग मामांचं, ते वारले म्हणून त्यावर रेघ, मग दादाचं. संपलं. त्या मुलीने बारा आकडी नंबर टाकून बघितलं आणि म्हणाली, "ताई, कार्ड ऑनलाईन दिसतंय, पण पेशंटचं नाव नाहीये ओ यात." लग्नाला सात वर्षं झाली, सहा वर्षांचं पोरगं आहे, आणि वहिनीचं नाव सासरच्या कार्डात कधी घातलंच नाही. माहेरच्या कार्डातून तिच्या भावाने वेगळं कार्ड करताना काढून टाकलं होतं. म्हणजे सरकारच्या हिशेबी ही बाई कुठल्याच घरची नव्हती. वहिनी काही बोलली नाही, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मला त्या क्षणी आम्हा सगळ्यांचाच इतका राग आला, कारण सात वर्षं तिने त्या घरात भाकरी थापल्या, म्हशीची धार काढली, आणि एक कागद करायला कुणाला सवड झाली नाही.

मग ते चक्र सुरू झालं. माहेर केज तालुक्यात, तिथल्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, त्यासाठी दादाच्या दोन फेऱ्या झाल्या, पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. मग बार्शीच्या तहसीलला पुरवठा विभागात अर्ज, सोबत तो दाखला, दोघांचं आधार, लग्नाचा दाखला. डॉक्टरांकडून ऑपरेशनची गरज लिहिलेलं पत्र घेऊन अर्जाला जोडा हे त्या आरोग्यमित्र मुलीनेच सांगितलं आणि त्याचा फार उपयोग झाला. कार्डावर नाव त्याच दिवशी लिहून मिळालं पण ऑनलाईन दिसायला अकरा दिवस लागले, आणि ऑनलाईन दिसल्याशिवाय हॉस्पिटलात काही हलत नाही. ते अकरा दिवस मी विसरणार नाही. वहिनीच्या पायांना सूज यायला लागली होती, आणि दादाने म्हशीचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, एक सावकार महिना तीन टक्क्यांनी द्यायला तयार होता. मी रोज सकाळी त्या मुलीला फोन करायचे. बाराव्या दिवशी तिनेच केला, "ताई, नाव आलं, घेऊन या त्यांना."

पुढचं मात्र नीट झालं. फोटो, अंगठा, रिपोर्ट, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी, त्या आठवड्यात ऑपरेशन. झडप, औषधं, तपासण्या, वहिनीचं जेवण, सगळं योजनेत, घरी जायचा एकदाचा प्रवासखर्चसुद्धा मिळतो. म्हैस दावणीलाच राहिली.

आमच्यासारखी वेळ येऊ नये म्हणून सांगते. अ‍ॅडमिट होतानाच योजनेतून उपचार पाहिजेत हे सांगा, आधी स्वतः बिल भरलं आणि नंतर परत मागितलं असं यात होत नाही. योजनेत मंजूर झालेल्या उपचाराला कुणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि वरच्याच नंबरवर तक्रार करा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, साधी ओपीडी हे यात बसत नाही, अ‍ॅडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी ही योजना आहे, आणि तेही ठरलेल्या यादीतले, मर्यादा वाढली तेव्हा यादीत 1356 उपचार होते. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यातच होतात. तुमचा उपचार यादीत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटलचं विचारा, तिथं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवायच्या असा नियम आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो.

आणि घरातल्या सुनांची, लहान लेकरांची नावं कार्डात आहेत का हे बघा, कार्ड हातात घेऊन बघा, आणि ऑनलाईनपण बघा, रेशन दुकानदाराकडं केवायसी झालीय का तेही विचारा. माझ्या भाच्याचंही नाव नव्हतं, ते वहिनीबरोबरच घातलं.

आता आत्याचं राहिलंय. पाच लाख हे सगळ्या कुटुंबात मिळून असतात, वहिनीच्या ऑपरेशनला त्यातले बरेच गेले. सत्तरीच्या पुढच्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात त्यांना स्वतंत्र पाच लाख, उत्पन्नाची अट नाही, म्हटलं आत्याचं काढून टाकू. तर आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1958. कॅम्पमध्ये कुणीतरी अंदाजाने टाकलेली. आधारप्रमाणे अजून सत्तरी भरलेली नाही. आणि 72 च्या दुष्काळात आत्या खडी फोडायला जायची तेव्हा थोरली ताई तिच्या अंगावर पीत होती, ताईच्या शाळेच्या दाखल्यावर 1971 आहे, म्हणजे आधार खरं मानलं तर आत्या तेराव्या वर्षी आई झाली. जन्मतारीख एकदा दुरुस्त करून मिळते पण पुरावा लागतो, आणि आत्या शाळेची पायरी चढलेली नाही. तिच्या माहेरच्या गावात, म्हणजे आमच्याच गावात, ग्रामपंचायतीत जुनं जन्माचं रजिस्टर आहे असं बाबा म्हणतात. मंगळवारची रजा टाकलीय, जाऊन बघते.