पावसाळ्यातील आकाशगंगेसाठी हानले

महाराष्ट्रातील आकाशनिरीक्षकांची एक कायमची अडचण आहे. धनू आणि वृश्चिक राशींच्या दिशेचा आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी पट्टा जून ते सप्टेंबरमध्ये रात्री सोयीच्या वेळी वर असतो आणि नेमक्या याच महिन्यांत सह्याद्रीवर ढग ठाण मांडून बसतात. लडाखमधील हानले हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने मोसमी पाऊस तेथे फारसा पोहोचत नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाचे माझ्या मते हेच सर्वांत सबळ कारण आहे.

येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील २ मीटर व्यासाची, खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते. आयआयटी मुंबईचा सहभाग असलेली ग्रोथ-इंडिया दुर्बीण आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची, गॅमा किरणांचा वेध घेणारी ‘मेस’ दुर्बीणही याच परिसरात आहे. अर्थात, हौशी निरीक्षकांसाठी या यंत्रांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या यंत्रांसाठी राखलेला अंधार. डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचे १०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाले. गावकऱ्यांपैकी काहींना, त्यांत अनेक स्त्रियांनाही, प्रशिक्षण आणि दुर्बिणी देण्यात आल्या आहेत. तेच पाहुण्यांना आकाश दाखवतात. खिडक्यांना जाड पडदे लावणे आणि दिव्यांना आडोसा करणे हे त्यांनी स्वीकारले असताना एखाद्या पर्यटकाने केवळ छायाचित्रासाठी गाडीचे हेडलाइट चालू ठेवावेत, हे मला असभ्यपणाचे वाटते.

आपल्याकडून जाणाऱ्याला तेथील आकाश थोडे कललेले वाटते. पुण्याहून क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर दिसणारा ध्रुवतारा हानलेला जवळजवळ ३३ अंशांवर असतो. त्याच प्रमाणात दक्षिणेकडचे तारे खाली जातात. अगस्त्य तर पाच अंशांच्याही वर चढत नाही, त्यामुळे डोंगरांच्या रांगेआड तो सहज हरवतो. आकाशगंगेचे केंद्रही आपल्यापेक्षा बरेच खाली, २८ अंशांच्या आसपासच राहते. परंतु हवा कोरडी आणि विरळ असल्याने त्या उंचीवरही ते धूसर होत नाही.

ही विरळ हवा मात्र निरीक्षकावर उलटूही शकते. प्राणवायूच्या कमतरतेचा परिणाम अंधारात पाहण्याच्या क्षमतेवर होतो, म्हणजे आकाश उत्तम असूनही न रुळलेल्या माणसाला मंद तारे कमी दिसू शकतात. लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घेण्याचा सल्ला केवळ डोकेदुखी टाळण्यासाठी नसतो. डोळे अंधाराला सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या एका झगझगाटाने ती सारी वाया जातात. म्हणून मंद लाल दिव्याखेरीज दुसरा दिवा वापरू नये.

कॅमेऱ्याचे गणित त्या मानाने सोपे आहे. अमावास्येच्या आसपासची रात्र, भक्कम ट्रायपॉड, २० मिलिमीटरच्या आतबाहेरची लेन्स, एफ २.८ छिद्र, ३२०० आयएसओ आणि १५ ते २० सेकंदांचे एक्स्पोजर येथून सुरुवात करावी. एक्स्पोजर याहून लांबवले, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे रेघांसारखे ओढले जातात. उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी पडते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात.