झहीरचं खरं करिअर 2006 पासून

आपला डावखुरा फास्ट बॉलर झहीर खान, त्याचं नाव निघालं की आमच्या ग्रुपवर दोनच गोष्टी येतात, 2003 च्या वर्ल्डकप फायनलची पहिली ओव्हर नाहीतर 2011 चा वर्ल्डकप, मधलं सगळं गायब. मला विचाराल तर त्याचं खरं करिअर 2006 मध्ये वूस्टरशर काउंटीत, म्हणजे इंग्लंडच्या तिथल्या स्थानिक क्रिकेटमध्ये, सुरू झालं, त्याआधीचं सगळं ट्रायल. (मान्य, 2000 साली नैरोबीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉच्या दांड्या उडवल्या त्या यॉर्करला ट्रायल म्हणायला जीभ रेटत नाही, पण मुद्दा समजून घ्या राव.)

तसा तो आपल्या शेजारचाच. नाशिकहून सिन्नर, शिर्डी, बाभळेश्वर करत गेलं की श्रीरामपूर, सगळा उसाचा पट्टा. तिथून पोरगं मुंबईला गेलं, मग चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनला, म्हणजे फास्ट बॉलर घडवणाऱ्या अकादमीत, आणि रणजी खेळलं ते बडोद्याकडून! 2000-01 ला बडोद्याने रणजी जिंकली त्यात ह्याचा मोठा वाटा. जानेवारी 2025 ला आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र-बडोदा रणजी मॅच झाली तेव्हा सगळे महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडला बघायला धावले आणि मी आपला हेच बोलत बसलो होतो की नगर जिल्ह्याचा एवढा मोठा बॉलर समोरच्या टीमकडून मोठा झाला. शेजारचे काका वैतागले, म्हणाले मॅच बघा हो.

तर 2003. जोहान्सबर्ग, पहिली ओव्हर, वाइड आणि नो-बॉल धरून 10 बॉल आणि 15 रन. आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या. त्यानंतर दुखापती, टीममधून आत-बाहेर, आणि 2005-06 च्या सुमारास तर झहीर संपला असंच लोक बोलायला लागले. आपल्याकडे फास्ट बॉलर लवकरच संपवतात, बॉलर नाही, लोक संपवतात.

मग हा गेला काउंटी खेळायला. तिथे एका सीझनमध्ये 78 विकेट, एसेक्सविरुद्ध तर एकाच इनिंगमध्ये 9. पण विकेटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याने रनअप कमी केला आणि बॉल टाकतानाची ती मोठी उडी काढून टाकली. आधीचे व्हिडिओ काढून बघा, उडी बघूनच गुडघा दुखतो. दर आठवड्याला बॉलिंग करायची तर शरीर वाचवायला लागतं, आणि तोच वेग थोडा सोडून त्याने कंट्रोल घेतला. आता हे सांगायला सोपंय. आमच्याकडे नेटमध्ये एक बारका पोरगा आहे, चुन्याची खूण सोडून अजून मागे मागे जातो, मग तिथून सुसाट पळत येतो आणि क्रीजवर अशी उडी मारतो की पाय कुठेही पडतो, बाप जाळीला चिकटून मोबाईलवर शूट करतोय आणि कोच ओरडतोय, "अरे पळ, उडू नकोस!" पोरगं ऐकत नाही. दहा-बारा वर्षांची सवय मोडणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं, ते झहीरने इंडिया खेळून झाल्यावर केलं.

पुढच्याच वर्षी, 2007 ला, ट्रेंट ब्रिज. हा बॅटिंगला आला तर इंग्लंडवाल्यांनी पिचवर जेली बीन्स, म्हणजे खायच्या गोड गोळ्या टाकलेल्या. भाऊ तापला, बॅट इंग्लंडच्या पीटरसनकडे रोखली, आणि मग दुसऱ्या इनिंगला 5 विकेट, मॅचमध्ये 9. त्या जोरावर 1986 नंतर आपण पहिल्यांदा इंग्लंडमध्ये टेस्ट सिरीज जिंकलो. मला 2011 पेक्षा ही सिरीज जास्त आवडते, भांडायचं तर भांडा. राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूने येऊन बॉल आत-बाहेर काढायचा, जुना बॉल रिव्हर्स, म्हणजे उलटा स्विंग होत असेल तर पळताना दुसऱ्या हाताने बॉल झाकायचा, बॅट्समनला चमकती बाजू दिसलीच नाही पाहिजे. साउथ आफ्रिकेच्या ग्रॅम स्मिथला विचारा झहीर म्हणजे काय ते, कितीदा आउट झालाय त्याच्याकडे.

2011 चं सगळ्यांना पाठ आहे, 21 विकेट, आफ्रिदीबरोबर सगळ्यात जास्त. नकल बॉल, म्हणजे बोटांच्या पेरांवर धरून टाकलेला तो फसवा स्लो बॉल, तिथलाच. फायनलला पहिल्या तीन ओव्हर मेडन, शेवटी मात्र चांगलाच मार पडला, ते कोणी काढत नाही. आणि तीनच महिन्यांनी लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली, हा मैदानाबाहेर आणि सिरीज 4-0 ने इंग्लंडकडे. एका माणसाच्या मांडीवर अख्खी सिरीज उभी होती म्हणा ना.

एकूण 92 टेस्ट, 311 विकेट. आपल्याच इशांत शर्माच्याही 311 च, पण 105 टेस्टमध्ये. शेवटची टेस्ट 2014 ला वेलिंग्टनला, न्यूझीलंडच्या मॅकलमने 302 मारले ती, लोकांना तेवढंच आठवतं, पण त्याच इनिंगमध्ये पस्तिशीतल्या झहीरने 5 विकेट काढल्यात. ऑक्टोबर 2015 ला रिटायर होताना त्याने सरळ सांगितलं की दिवसाला 18 एक ओव्हर टाकायचा भार खांद्याला आता झेपणार नाही. पुढच्या वर्षी आयपीएलला दिल्लीचा कॅप्टन म्हणून परत हजर, तिथे चारच टाकायच्या असतात.