पॉइंट टू-टू टार्गेट पिस्तूल घेताना आधी हात बघा, मग कंपनी

टार्गेट पिस्तूल, म्हणजे नेमबाजीसाठीचं पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तूल, घ्यायचंय म्हटलं की माणसं लगेच कंपन्यांच्या नावांवर येतात. पार्डिनी का वॉल्थर, हॅमर्ली का मोरिनी, आणि मग रात्र रात्र व्हिडिओ बघणं सुरू. माझं म्हणणं असं की या वर्गातलं जवळजवळ कुठलंही पिस्तूल तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलंच मारतं. २५ मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेमाच्या) टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं, आणि बरं पिस्तूल स्टँडमध्ये घट्ट आवळून, त्याला मानवणाऱ्या गोळ्या घालून मारलं तर सगळी भोकं त्या वर्तुळाच्या निम्म्या जागेत पडतात. म्हणजे आठ लागला, सात लागला, तर तो नळीने नाही लावलेला, तो आपण लावलाय.

आता हे गुण आपण नेमके कुठे घालवतो ते बघा, कारण पिस्तूल निवडायचा अख्खा मुद्दा इथेच आहे. नेम धरायच्या दोन साइट्स असतात, पुढे एक पट्टी आणि मागे एक खाच, त्यांच्यात नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २२० मिमी अंतर असतं. पुढची पट्टी मागच्या खाचेत १ मिमी जरी सरकली तरी २५ मीटरवर गोळी साधारण ११ सेंटीमीटर लांब जाते! पण दोन्ही साइट्स एका रेषेत ठेवून अख्खा हात १ सेंटीमीटर डोलला तर गोळी १ सेंटीमीटरच सरकते, म्हणजे दहा तरीही जागच्या जागी. त्यामुळे हात हलतो म्हणून रडण्यात अर्थ नाही, सगळ्यांचाच हलतो, खरा घात होतो तो मनगट किंचित वळल्याने किंवा बोटाने खटका ओढताना पिस्तूल ढकलल्याने. म्हणून ज्या पिस्तुलाची ग्रिप हातात अशी बसते की साइट्स आपोआप जुळलेल्या येतात आणि ज्याचा ट्रिगर ओढताना साइट्स विस्कटत नाहीत, ते तुमचं पिस्तूल. बाकी सगळं दुय्यम, अगदी दिसणंसुद्धा (दिसायला यातली बरीचशी ड्रिल मशीनसारखीच असतात, काही करू शकत नाही).

तपासायची युक्ती जुनीच आहे पण घेताना फार कमी लोक करतात. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी बघायचं, सुरक्षित दिशेला उभं राहायचं, ग्रिप नीट धरायची, डोळे मिटून हात वर न्यायचा, जरा स्थिरावायचा आणि मग डोळे उघडायचे. पुढची पट्टी खाचेच्या मधोमध आणि वरच्या कडेला समान दिसली तर उत्तम. दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर ग्रिप हातात फिरवून बसवायला लागेल, दर वेळी वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रिपचा कोनच तुमच्या मनगटाला मानवत नाहीये. एकदा करून काही कळत नाही, पाच-सात वेळा करा, मधे पिस्तूल खाली ठेवून हात झटकून परत उचला, कारण हात लबाड असतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुळवून घ्यायला लागतो.

खास टार्गेट पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात आणि डाव्या-उजव्या हाताच्या वेगळ्या मिळतात. खाली तळहाताला टेकणारी एक फळी असते, पाम शेल्फ, ती वरखाली होते. ती इतकी आवळायची नाही की हात चेपला जाईल, पण इतकी सैलही नको की प्रत्येक शॉटनंतर पकड बदलेल. आणि लाकूड आहे म्हणून भिऊ नका, जिथे टोचतं तिथे पॉलिश पेपरने घासायचं आणि जिथे पोकळ वाटतं तिथे वुड पुट्टी भरायची, चांगल्या नेमबाजांच्या ग्रिप बघा, सगळ्या ठिगळं लावलेल्या आणि कुरूप असतात. घासताना मात्र थोडं थोडं घासा, काढलेलं लाकूड परत येत नाही.

इथे मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) कुठे आहे हा प्रश्न येतो. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ (१९५७ पासूनचं आहे हे!), रुगरची मार्क मालिका, ब्राउनिंगचं बक मार्क, हॅमर्ली २०८, या सगळ्यांचं मॅगझिन मुठीतच जातं. त्यामुळे मुठीचा कोन आणि जाडी ठरलेली, वरची ग्रिप कितीही कोरली तरी आतलं पोलाद आहे तिथेच राहणार. उलट १९६८ मध्ये आलेलं वॉल्थर जीएसपी किंवा पार्डिनी एसपी यांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, मूठ मोकळी, ग्रिप हवी तशी घडवता येते आणि वजनही पुढे जातं. पुढे वजन असलं की पिस्तूल संथ डोलतं, प्रिसिजनला छान वाटतं, पण सराव नसलेला खांदा सिरीज संपेपर्यंत भरून येतो. मला स्वतःला पुढे थोडं जड असलेलंच आवडतं, पण ही चवीची गोष्ट आहे, त्यावरून भांडू नये.

ट्रिगरबद्दल. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर स्पर्धांमध्ये ट्रिगरचं वजन कमीत कमी १००० ग्रॅम लागतं. हे १००० ग्रॅम दोन टप्प्यांत वाटलेले असतात, पहिला टप्पा लांब आणि मऊ, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर उरलेले दोन-तीनशे ग्रॅम दिले की शॉट. वाटणी कशी करायची ते स्क्रूने ठरवता येतं, म्हणून दुकानात "ट्रिगर जड आहे" म्हणून पिस्तूल नाकारू नका, आधी विचारा की काय काय ॲडजस्ट होतं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, शॉट सुटल्यानंतर ट्रिगर मागे किती जातो आणि ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकते का, ही चार उत्तरं हवीत. शेवटचं लोक विसरतात. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य पट्टीवर सरळ मागे दाबला गेला पाहिजे आणि बोटाची बाजू ग्रिपला घासता कामा नये, नाहीतर प्रत्येक शॉटला पिस्तूल थोडं बाजूला ढकललं जातं आणि आपण बिचाऱ्या साइटचे क्लिक फिरवत बसतो.

नियमांचं एकदाच सांगतो. २५ मीटरसाठी पिस्तूल ३०० x १५० x ५० मिमीच्या डब्यात मावलं पाहिजे, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिमीपर्यंत, साइट्स साध्या, रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी भिंगाची साइट) चालत नाही. अमेरिकन बुल्सआय प्रकारात रेड डॉट चालतो, म्हणून तिथले लोक जे पिस्तूल डोक्यावर घेतात ते तुमच्या कामाचं असेलच असं नाही, आधी आपण काय खेळणार ते ठरवा. ५० मीटरचं फ्री पिस्तूल हा वेगळाच प्राणी, एका वेळी एकच गोळी आणि हाताला पूर्ण लपेटणारी ग्रिप. २०१६ च्या रिओनंतर ते ऑलिंपिकमधून गेलं. आणि फक्त मजा म्हणून, डबे पाडायला आणि हात बसवायला हवं असेल तर एवढा खर्च करूच नका, रुगर किंवा बक मार्क आयुष्यभर पुरतं. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे, ते आधी बघा, पसंती नंतर.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोव्हिएत काळातलं मार्गोलिन नावाचं टू-टू पिस्तूल खूप ठिकाणी क्लबांमध्ये वापरलं गेलं, साधं, दणकट. त्याचा डिझायनर मिखाईल मार्गोलिन आंधळा होता. तरुणपणी डोक्याला जखम होऊन दृष्टी गेली आणि नंतर तो मॉडेल्स करून, हाताने चाचपून शस्त्रं घडवायचा. तीच रचना उलटी करून, नळी खाली हाताच्या रेषेत आणलेली एक आवृत्ती १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला उतरली होती, पुढे नियम करून ती बंदच केली. नळी जितकी हाताच्या रेषेत तितका झटक्याने तोंड कमी उडतं, हे तर्कशास्त्र आजही प्रत्येक रॅपिड फायरच्या (भराभर मारायच्या प्रकारातल्या) पिस्तुलात दिसतं.

बरं, पिस्तूल घेतलं. आता खरा संसार सुरू होतो आणि तो गोळ्यांशी असतो.

टू-टूचं काडतूस रिमफायर असतं, रिमफायर म्हणजे काडतुसाच्या तळाला जी कड असते तिच्या आतच पेटणारा मसाला असतो, पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते. त्यासाठी केस (काडतुसाचं धातूचं कवच) मऊ आणि पातळ ठेवावी लागते, म्हणून दाबही कमी, झटकाही कमी, आणि रिकामी केस परत भरता येत नाही. टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं आहे आणि अजून तसंच आहे, बाहेरून मेणासारखं वंगण लावलेली ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी. मसाला कडेत गोल फिरवून बसवलेला असतो आणि कधी कधी एखाद्या जागी तो नीट पोचलेलाच नसतो, पिन नेमकी तिथे पडली की गोळी उडत नाही. अशा वेळी पिस्तूल टार्गेटकडेच ठेवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग काढायची. आणि आवाज जर फुस्स झाला, तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही, नळीत शिसं अडकलेलं असू शकतं, आधी नळी रिकामी असल्याचं बघा.

टार्गेट पिस्तुलांच्या स्प्रिंग स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या (साध्या वेगाच्या) गोळ्यांवर बेतलेल्या असतात. डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेल्या गोळ्या घालून काही मिळत नाही, उलट बोल्ट (प्रत्येक शॉटला मागेपुढे सरकणारा भाग) मागे जोरात आपटतो आणि काही महागड्या पिस्तुलांची फ्रेम त्याने खराब होते. मग एली टेनेक्ससारख्या महागड्या स्पर्धेच्या गोळ्या घ्यायच्या का? माझ्या मते २५ मीटरला नाही. सीसीआयची स्टँडर्ड व्हेलॉसिटी किंवा एसकेची स्टँडर्ड प्लस यांच्यासारखी गोळी तुमच्या पिस्तुलात न अडकता चालत असेल तर पैसे तिथे वाचवा आणि जास्त गोळ्या मारा. रॅपिडमध्ये अडकलेली एक गोळी डोकं फिरवते आणि त्याचे पॉइंट अचूकतेच्या मिलिमीटरने भरून येत नाहीत. चार-पाच प्रकार थोडे थोडे आणून बघा, आणि गोळी बदललीत की पहिल्या काही शॉट्सवरून मत बनवू नका, नळीत आधीच्या गोळीचं वंगण असतं, ते निघून नवीन बसायला वेळ लागतो.

अडकण्याची निम्मी कारणं मॅगझिनमध्ये असतात. काडतुसाला कड आहे, त्यामुळे भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आली पाहिजे, मागे राहिली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पुढे सरकत नाहीत. मॅगझिनच्या वरच्या ओठांवर मेण आणि काजळी जमते, ती पुसा. मॅगझिन जमिनीवर पाडू नका, ओठ वाकले की ते पूर्वीसारखं क्वचितच चालतं. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाका, म्हणजे कुठलं त्रास देतंय ते कळेल. साधी गोष्ट आहे पण बंद पडणारं पिस्तूल घेऊन गनस्मिथकडे धावणाऱ्या कितीतरी लोकांचं काम एवढ्यातच होऊन जातं.

साफसफाईत उत्साह आवरा. नळी रोज घासायची गरज नाही, घासायची तेव्हा चेंबरकडून (गोळी जिथे बसते तिकडून), आणि जिथे तसं जमत नाही तिथे दोरीने ओढायचं, कारण नळीच्या तोंडाच्या कडेला रॉड घासून खरवडली की नेम कायमचा जातो. बोल्टचा पुढचा भाग, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी केस ओढून काढणाऱ्या भागाची) नखी आणि चेंबर मात्र प्रत्येक सेशननंतर पुसाच. तेल कमी. जास्त तेल आणि काजळी मिळून जो चिकटा होतो त्याने थंडीत बोल्ट अर्ध्यातच थांबतो. रुगरची मार्क १ पासून मार्क ३ पर्यंतची पिस्तुलं उघडणं सोपं आणि परत जोडणं म्हणजे संयमाची परीक्षा, ती तक्रार २०१६ च्या मार्क ४ मध्ये एका बटणाने संपली.

ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता खटका ओढायचा सराव, घरी रोज करावा असं सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात, पण रिमफायरमध्ये रिकाम्या चेंबरवर पिन सोडली तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो, मग गोळी आत जायला आणि केस बाहेर यायला त्रास. मॅन्युअल वाचा. बऱ्याच टार्गेट पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, नसेल तर स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) वापरा. त्या खोलीत खरी गोळी एकही नको. एरवीही पिस्तूल आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपात. आणि रेंजवरून आल्यावर काही खाण्याआधी थंड पाणी आणि साबणाने हात, शिसं गोळीतही असतं आणि बहुतेक गोळ्यांच्या मसाल्यातही.

जुनं घ्यायचं असेल तर जरूर घ्या, टू-टूची नळी सहज झिजत नाही, फक्त चेंबरच्या कडेवरचा तो खळगा भिंग लावून बघा, मग नळीचं तोंड, मग मॅगझिन किती मिळतायत आणि नवीन मिळतात का. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि रिकॉइल स्प्रिंग अजून बनतात का हेही विचारा, काही सुंदर जुनी मॉडेल्स केवळ एका पिनेसाठी कपाटात पडून आहेत.