तुम्ही विचारलंत म्हणून : हा फोटो कोणाचा?

लग्नाचा अल्बम न्यायला आलेली मंडळी माझ्या दुकानातल्या भिंतीकडे बघून हमखास विचारतात, "भाऊ, हा फोटो कोनाचा?" फोटोत माणूसच नाही. एप्रिलमध्ये घरामागे रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आहेत, बस. कोणाचाच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग लावला कशाला?

लग्नात गिऱ्हाईक सांगेल ते टिपायचं. नवरदेवाचा मामा सुटला तर माझी खैर नाही. हा फोटो कलेसाठी काढलेला, इथं काय ठेवायचं, काय गाळायचं हे मी ठरवतो. कॅमेरा तोच असतो. भर दुपारी काढला असता तर ढीग नुसता करडा, सपाट दिसला असता. सकाळच्या तिरप्या उन्हात एकेका काटकीची सावली शेजारचीवर पडते आणि रिकाम्या बोंडांच्या वाळक्या पाकळ्या सुट्या दिसतात. माझा सगळा जीव त्या पाकळ्यांत आहे.

बटण दाबल्यावर खरं काम सुरू होतं. सावली किती काळी जाऊ द्यायची, हे छोटे छोटे नमुने छापून ठरतं, कारण मोबाइलवर झगझगीत दिसणारं चित्र कागदावर पार मेलेलं निघू शकतं. कागद कापसाचा आहे म्हटलं की लोक जवळ येऊन बघतात. जिनिंगमध्ये रुई काढल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तिच्यापासूनही असा कागद होतो. त्यात आम्ल नसलं की तो लवकर पिवळा पडत नाही. कापूस आपला आणि कागद बाहेरून का आणायचा, यावर दुकानात तासभर वाद चालतो. तो इथं नको.

काही गाळलं म्हणजे खोटं का, असंही विचारतात. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकारानं १९९९ साली ऱ्हाइन नदीचा फोटो केला आणि त्यातली इमारत, माणसं संगणकावर पुसून टाकली. उरले गवताचे आणि पाण्याचे आडवे पट्टे. त्याची एक प्रत २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरवर गेली. बातमीदारानं असं केलं असतं तर मी त्याला लबाडच म्हटलं असतं. गुर्स्की बातमी देत नव्हता.

आता टांगण्याचं. आपल्याकडे आजोबांचा फोटो छताजवळ, पुढे झुकवून लावतात, कारण त्यांनी आपल्यावर नजर ठेवायची असते. हा आपण बघायचा, म्हणून त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर. भोवती माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची रुंद पांढरी कड ठेवली की काच फोटोला टेकत नाही, नाहीतर पावसाळ्याच्या दमटपणात तो काचेला चिकटून बसतो. समोर दार नको. उन्हानं रंग उडतो आणि काचेत स्वतःचंच तोंड दिसतं.

अशा फोटोच्या मोजक्याच प्रती काढतात. पऱ्हाट्यांच्या पाचच काढायच्या, असं मी ठरवलंय. प्रत्येकीवर पेन्सिलीनं क्रमांक आणि सही. अल्बमपेक्षा स्वस्त पडतो. गावात अजून कोणी घेतलेला नाही, घासाघीस मात्र सगळेच करतात.