मेडल नं. ६: चोरबाजार ते लालबाग

चार महिन्यांनी अपडेट टाकतोय, सॉरी मंडळी. (नवीन मंडळींसाठी: बाजारात सापडलेली जुनी युद्धाची मेडल्स मी त्या सैनिकांच्या घरी परत पोचवतो, हे सहावं.) मटण स्ट्रीटवर घेतलेलं ते पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल आठवतंय ना, दुकानदाराने चिंच लावून लखलखीत केलेलं? (नका रे घासू, कडेवरचं नाव जातं!) याच्या जोडीने सैनिकाला मिळायचं ते वॉर मेडल चांदीचं, ते बहुतेक कधीच वितळलं असणार.

कडेवरची अक्षरं नुसत्या डोळ्यांना लागतच नव्हती. शेवटी लाइट बंद केले, मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला आणि लूपमधून (सोनाराचं भिंग) हळूहळू फिरवत बसलो, तेव्हा कुठे नंबर, शिपाई, नाव आणि ११७ मराठाज एवढं उमटलं. ११७ म्हणजे इराकमधल्या कुतच्या वेढ्यातली पलटण, १४७ दिवस अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली ती, म्हणून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या (युद्धात मेलेल्यांच्या) यादीत बघितलं तर गडी सापडलाच. बसरा मेमोरियल, म्हणजे तिथे इराकमध्येच मेलेल्यांचं स्मारक. बापाचं नाव, गाव, जिल्हा रत्नागिरी.

इथे मी माती खाल्ली. तशाच नावाच्या गावात दोन महिने फोन करत बसलो आणि डोक्यातच आलं नाही की तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गपण होता, तो वेगळा झाला १९८१ ला!

बरोबर गाव मिळाल्यावर त्यांचं मुंबईचं ग्रामस्थ मंडळ लालबागला निघालं, माझ्या घरापासून वीस मिनिटं. त्यांनी शिपायाच्या भावाच्या नातवाशी गाठ घालून दिली, वय ८१. आजोबांचा पहिला प्रश्न, "किती द्यायचे?" काही नाही म्हटल्यावर संशय अजूनच वाढला, सुनेने तर माझं आधार कार्ड बघितलं (बरोबरच आहे म्हणा, हल्ली कोण फुकट काय देतं).

मग मी बसरा म्हटलं आणि आजोबा गप्पच झाले. "आमच्यात म्हणायचे, बसऱ्याक गेलो तो इलोच नाय." उठले, देव्हाऱ्यातून एक काळपट गोल तबक काढलं, वर कुंकू. बघतो तर मेमोरियल प्लाक, मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवायचे तो, जवळजवळ १२ सेंटीमीटरचा! उठावाच्या अक्षरात तेच नाव. इतकी वर्षं त्यावर समई ठेवत होते.

मेडल त्याच्या शेजारी ठेवलं. स्पेलिंगमध्ये एक ए जास्त आहे. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, "गोऱ्याक काय कळतंय."

रिबन अजून नीट मिळालेली नाही, इंद्रधनुषी हवीय, कोणाकडे असेल तर सांगा.