२७१ व्होल्टचा अणू

आमची १९९१ ची बारावी. व्होल्टमध्ये मोजतात त्या विजेच्या पातळीला दहावीपर्यंत ‘विभव’ म्हणणारी आम्ही मराठी माध्यमाची पोरं. अकरावीत त्याचं एकदम ‘पोटेन्शियल’ झालं.

गणित साधं होतं. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ०.५३ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), तिथं प्रोटॉनमुळे विभव किती? सूत्रातला वरचा गुणाकार तोंडी झाला, भागाकाराला लॉगटेबल काढलं, म्हणजे भागाकार वजाबाकीवर आणणारी कोष्टकं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनं घेतलेलं, पानांचे कोपरे आधीच्या मालकाच्या बोटांनी काळे झालेले. बार नऊ पॉइंट १५८४ मधून बार अकरा पॉइंट ७२४३ वजा; बार म्हणजे तेवढा पूर्णांक उणे. हातचा घ्यायला विसरलो. अँटिलॉग काढून, म्हणजे कोष्टकातून परत मूळ संख्येवर येऊन, फळ्यावर ऐटीत लिहिलं : २७१.७ व्होल्ट.

सर खडू घोळवत म्हणाले, “घरात २३० येतात. तुझ्या अणूला एमएसईबीनं वेगळी लाइन टाकलीय का रे?” पुढं वर्षभर माझं नाव ‘एमएसईबी’च पडलं.

हातचा घेतल्यावर २७.२ आलं. म्हणजे ऋण प्रभाराच्या इलेक्ट्रॉनची स्थितिज ऊर्जा उणे २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणूच्या हिशेबातलं ऊर्जेचं एकक). मग त्याला अणूतून बाहेर काढायला पुस्तकात १३.६ च कसे? कुणालाच येईना. सर म्हणाले, “समजा, तो २७.२ रुपये देणं लागतो. पण पळतोय ना? गतीचे १३.६ त्याच्या खिशात आहेतच. उरलेले कुणी भरले की सुटला.” निम्मेच का, तर केंद्रकाची ओढ हेच त्याला गोल फिरवणारं बल, दोन्ही समान मांडली की अर्धा आपोआप पडतो. हे बोरचं १९१३ चं चित्र; इलेक्ट्रॉन असा गरगर फिरतो असं आता मानत नाहीत, पण आकडा टिकला, हेही त्यांनी त्याच तासाला सांगून टाकलं. परीक्षेला न येणारं सांगण्याची त्यांना खोडच होती.

मी आगाऊपणे विचारलं, “सर, हेलियमचं काढू?”

“काढ. पण तिथं इलेक्ट्रॉन दोन, म्हणजे भावकी आली. केंद्रक ओढणार, हे एकमेकांना ढकलणार. पहिला काढायला २४.६ लागतात, मागं एकट्या राहिलेल्याला ५४.४. दुसरा आकडा १३.६ च्या चौपट, तो तुला सुटेल. पहिला त्या लॉगटेबलनं निघायचा नाही.”

मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसलो होतो. नाहीच निघाला.